दोनशे सेहेचाळीस

१९९९ सालची माझी हिशेबाची वही अजून माळ्यावर आहे. जून महिन्याच्या पानावर जमेच्या बाजूला एकच ओळ : ‘मावशी – ५००’. खर्चाच्या बाजूला दूध, गॅस, वाण्याची मागची बाकी आणि मुलाची शाळेची फी. नवऱ्याचा पगार त्या पानावर नाही. पिंपरीतला त्याचा कारखाना मार्चपासून बंद होता. मी घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहायची, त्याचे पैसे मिळायचे ते दुकानदारांच्या लहरीवर.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. पाठीला पोतं लावून रोज सकाळी आमच्या गल्लीत यायची आणि कोपऱ्यावरच्या कुंडीतून कागद, पुठ्ठा, पत्रा वेचायची. वयानं माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठी असेल. तरी ती मावशी आणि मी ताई. पुण्यात भांडीवाली, भाजीवाली, कचरेवाली, सगळ्याच मावश्या. नातं जोडल्यासारखं होतं आणि नाव विचारायचं वाचतं. मला तिचं नाव कळायला सहा वर्षं लागली. ते इथं लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

आमच्याकडे ती रद्दीसाठी थांबायची आणि अधूनमधून चहा घ्यायची. सासूबाईंनी तिच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला होता, जिन्याखालच्या खिडकीत, उपडा. चहा पिऊन झाला की ती तो स्वतःच नळाखाली विसळायची आणि परत उपडा घालायची. हे सगळं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सासूबाई गेल्यावरही कप तिथंच राहिला. मी शिकलेली, जातपात न मानणारी वगैरे होते. कप हलवायचं मात्र कधी सुचलं नाही.

त्या जूनमध्ये एका सकाळी तिनं जुन्या वह्यांचा गठ्ठा काट्यावर टाकला आणि मी सवयीप्रमाणे किलोचा भाव विचारला. तिनं भाव सांगितला. मी म्हटलं, आणखी काही निघतंय का बघते, आणि आत जाऊन चक्क लग्नाचा अल्बम सोडून घरातला दिसेल तो कागद बाहेर आणला. ती बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, रद्दी इकून फी भरत न्हाई.” मुलानं तिला शाळेची चिठ्ठी दाखवली होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून दिले. पतसंस्थेतल्या बचतीतून काढले होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी ती घाईनं म्हणाली, “याज लागंल. तितं ठिवले असते तर जेवढं पडलं असतं तेवढंच.” त्या दिवशी मी तिला चहा दिला तो आमच्या रोजच्या कपातून. तिनं कप हातात फिरवून बघितला. “आज कप बदलला जनू?” एवढंच म्हणाली, आणि फुंकर मारत चहा प्यायली. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. कप बदलला तो मला पैसे लागले म्हणून, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

ऑक्टोबरात मी पाचशे पंधरा परत केले. तिनं बोटांवर हिशेब केला आणि पाचाची नोट माझ्या हातावर ठेवली. “चार म्हयन्याचं धाच व्हत्यात.”

मोजून घेण्याची ही सवय तिला कुठून लागली, ते तिनंच एकदा सांगितलं. ती मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळात, दहा-बारा वर्षांची असताना, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर होती. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. खडीचा ढीग मोजायला मुकादम टेप घेऊन यायचा. “ब्रास भरंना म्हनायचा. आमची आय म्हनायची, टेप मला बी कळतो, पुन्यांदा लाव.” त्या दुष्काळी कामांतूनच पुढं महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली, आणि त्याचाच कित्ता गिरवत २००५ मध्ये देशाचा. पण तिच्या घराला तोवर वाट बघणं जमलं नाही. मातंग समाजातलं, बिनजमिनीचं कुटुंब पुण्याला आलं आणि कुंडीवर लागलं. पुण्यातल्या कागद वेचणाऱ्या बायकांना गाव विचारून बघा. कितीतरी जणी त्याच दुष्काळानं इथं आणलेल्या निघतील.

तिच्या संघटनेचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. शाळेतल्या मुलांनी जीभ वळवायला म्हणावं असं. नंतर लक्षात आलं, या एवढ्या लांबलचक नावात ‘कचरा’ हा शब्दच नाही. आपण ज्याला कचरा म्हणतो तो तिच्या बोलण्यातही क्वचितच यायचा. ती ‘माल’ म्हणायची. आज माल बरा निघाला. माल भिजला. भंगारवाल्यानं मालाचा भाव पाडला.

ही पंचायत १९९३ ची. सुरुवात झाली ती एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी बायकांना अक्षरं शिकवायला गेल्या. बायकांचं म्हणणं वेगळंच होतं : अक्षरं राहू द्या, लोकांना ओलं-सुकं वेगळं करून द्यायला सांगा, कुंडीत हात घालायचं वाचेल आणि मालाला भाव येईल. शिकवायला गेलेल्यांनी हे ऐकून घेतलं, ही मला त्या सगळ्या गोष्टीतली मोठी बाब वाटते. गरिबी हटवायला निघालेली बरीच माणसं उत्तर खिशात घेऊनच निघतात. पहिल्या मेळाव्याला अध्यक्ष होते डॉ. बाबा आढाव, हमाल पंचायतवाले. ज्या १९७२ मध्ये माझी मावशी खडी फोडत होती, त्याच साली ते ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावं हिंडायला निघाले होते. मावशी त्या मेळाव्याला गेली होती. भाषणातलं तिला काय आठवतं असं विचारलं तर म्हणाली, “एवढ्या बाया हायती आपल्या, ह्येच म्हाईत नव्हतं.”

पंचायतीनं ओळखपत्र दिलं आणि पुढं त्यावर पुणे महापालिकेची मान्यता आली. आपल्याला ओळखपत्राचं काय अप्रूप? पाकिटात पाच असतात. मावशी ते गळ्यात, ब्लाउजच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. पहाटे चार-साडेचारला पोतं घेऊन निघालेल्या बाईला कुणीही अडवायचं; एखादी सायकल हरवली की आधी तिचं पोतं उलटं व्हायचं. कार्ड आल्यावर तिला पोतं न उपसता उत्तर देता यायला लागलं.

दोनशे सेहेचाळीस हा आकडा माझ्या हाती लागला २००२ च्या आसपास. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांचा एक अभ्यास झाला होता. त्यात हिशेब मांडला होता की प्रत्येक वेचक बाई महिन्याला २४६ रुपयांची मेहनत शहराला फुकट देते. म्हणजे ती जो माल उचलते तो उचलायला, वाहायला पालिकेला जो खर्च आला असता, तो. हिशेबनीस असल्यामुळे मला हे वाक्य वाचून अंगावर काटाच आला. मी तिला पायरीवर बसवून सांगितलं. तिनं दोनदा आकडा विचारून घेतला.

“दोनशे शेचाळीस. म्हयन्याला.”

“हो.”

“मंग इतकी वर्सं ते कुनी खाल्लं?”

मी म्हटलं, तसं कुणी खाल्लं नाही, ते वाचले. ती म्हणाली, “वाचले म्हंजी कुनाचं तरी वाचले न्हवं?” त्या रात्री मी वहीत गुणाकार करून बघितला आणि मग पान फाडलं. माझ्यासारख्या घरांचे वाचले होते. पुढच्याच एक-दोन वर्षांत पालिकेनं या बायकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली, त्यामागे असलेच आकडे होते. मोर्चे तर होतेच, पण मोर्च्याच्या हातात हिशेबाचा कागद असला की समोरच्याला नुसतं ‘बघू’ म्हणून चालत नाही.

आता माझी चूक. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली, पालिकेशी करार झाला आणि मावशी दारोदार येऊन ओला-सुका कचरा घ्यायला लागली. पोतं गेलं, ढकलगाडी आली, घरटी थोडे पैसे ठरले. वर्षभरात आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला : एक कंत्राटदार टेम्पो पाठवायला तयार आहे, स्वस्त पडेल, शिवाय ‘स्टँडर्ड’ वाटेल. घरामागे दहा रुपयांचा फरक. ज्या सभासदानं हे मांडलं त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही एकवीसशे आहेर केला होता, इतपत आमची ऐपत आता होती. मी बोलायला हवं होतं. मी हात वरही केला नाही आणि खालीही ठेवला नाही. पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात आली. “मीटिंगला व्हता म्हनं.” मी मान हलवली. तिनं बादली घेतली, रिकामी केली, परत ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये चौदा बायका आल्या. मला वाटलं, आता घोषणा होणार. त्यांनी एक मोठी ताडपत्री अंथरली, दोन्ही इमारतींचा त्या दिवसाचा कचरा तिच्यावर ओतला आणि निवडायला बसल्या. तासभरात ढीग पडले : पुठ्ठा, पांढरा कागद, काच, दुधाच्या पिशव्या, पत्रा, खरकटं. शेवटी एक लहान ढीग कशाचाच नसलेला. बाल्कन्या भरल्या. मग काटा लावला आणि मावशीनं वर बघून हाक मारली, “ताई, वही घिऊन खाली या. तुमाला हिशोब येतो.”

मी गेले. ती वजन सांगायची, मी लिहायची. टेम्पोवाला हे सगळं एकत्र नेऊन शहराबाहेर टाकणार होता. तिच्या हातून जाताना टाकायचं म्हणून उरत होता तो शेवटचा लहान ढीग. कागद मी अध्यक्षांच्या हातात दिला, खाली माझी सही करून. ठराव पुढच्या सभेत मागे घेतला गेला. मला तोंड दाखवायला जागा हवी होती आणि ती तिनंच करून दिली, हे बाल्कनीतल्या कुणाला कळलं नसेल.

ज्या मुलाच्या फीसाठी ते पाचशे होते, तो २०१४ साली चोवीस वर्षांचा होता. १ मार्चला शनिवार होता, तो घरी होता, आणि मोबाइलवर काहीतरी वाचून खाली मावशीपाशी जाऊन बसला. हा दिवस जगभरातले कचरावेचक पाळतात, तिला माहीत होतं. पंचायतीत बोलणं व्हायचं. का पाळतात ते माहीत नव्हतं. तो मराठीत सांगायला लागला, मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

त्यानं आधी बोगोटाचं सांगितलं. कोलंबियाच्या या राजधानीत २००८ मध्ये जगातल्या कचरावेचकांची पहिली परिषद झाली. (“आपल्याकडच्या बी गेल्या व्हत्या,” मावशी म्हणाली. तिला त्यांच्या विमानाचं फार कौतुक.) तिथले वेचक पालिकेच्या कंत्राटांविरुद्ध घटना न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं भांडले, आणि आदल्या वर्षापासून, २०१३ पासून, शहर त्यांना उचललेल्या वजनावर सेवेचे पैसे देऊ लागलं. त्यांची पुढारी नोहरा पादिया, स्वतः वेचकांच्याच घरातली. अर्जेंटिनात २००१ ला पैसा बुडाला तेव्हा नोकऱ्या गेलेली माणसं ब्युनॉस आयर्सच्या रस्त्यावर पुठ्ठा वेचायला आली. त्यांना तिथं ‘कार्तोनेरो’ म्हणतात, म्हणजे पुठ्ठेवाले. मावशी हसली. “मंग त्ये बी कागद काच पत्राच की.”

मग त्यानं १ मार्चचं सांगितलं. १९९२ साल, कोलंबियातलंच बारांकिया शहर, कार्निव्हलचे दिवस. एका विद्यापीठाच्या रखवालदारांनी वेचकांना पुठ्ठा देतो म्हणून आत बोलावलं आणि मारलं, वैद्यकीय शाखेला मुडदे पुरवण्यासाठी. एक जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला, निसटला आणि पोलिसांत गेला, म्हणून ते उघडकीला आलं. अकरा जण मारले गेले होते. कुणाला त्यांची उणीव भासणार नाही, असा मारणाऱ्यांचा हिशेब होता.

मुलगा थांबला. मावशीनं बराच वेळ झाडणीच्या काड्या सरळ केल्या.

“कार्ड व्हतं का त्येंच्यापाशी?”

“नसेल,” तो म्हणाला.

तिनं गळ्यातली पिशवी बाहेर काढली. फोटोतला चेहरा पार उडाला होता, शिक्का तेवढा दिसत होता. पदरानं तिनं पिशवी पुसली, परत आत ठेवली आणि उठली. जिन्यात मी उभी होते, माझ्याकडे वळून म्हणाली, “दुधाच्या पिशव्या धुऊन ठिवत जावा, ताई. चार दीस झालं सांगतीया. वास मारतोय, भंगारवाला भाव देत न्हाई.”