लाटणं घडवणारं मंडळ

मैत्रिणींनो, लाटणं आपण रोज हातात घेतो. पण ते इतकं गोल आणि गुळगुळीत कसं होतं, हा विचार कधी मनात आला आहे का? लाटणं, रवी, पाळण्याचे खांब, पांगुळगाड्याची चाकं हे सारं कातकाम. लाकूड गरगर फिरवायचं आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून आकार द्यायचा. हे काम करणारा तो कातारी. माझं माहेर सावंतवाडीचं. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली बघतच मी वाढले. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग चढतो, ही गंमत मी तासन् तास पाहत बसे. पण तिथे ते पोटापाण्याचं काम. साठी-सत्तरीची माणसं निव्वळ हौसेनं, मंडळ काढून हेच काम करतात, हे मात्र मला अमेरिकेत लेकीकडे गेल्यावर समजलं.

आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झाले आणि घरात वेगळंच पर्व सुरू झालं. ज्यांच्याकडे हे घडलं असेल त्यांना जास्त सांगायला नको! वर्तमानपत्र दोनदा वाचून व्हायचं, मग स्वयंपाकघरात येऊन "गॅस एवढा मोठा कशाला?" अशी चौकशी. आपल्याला निवृत्ती नसते, पण आपल्याला भिशी असते, भजनी मंडळ असतं, शेजारपाजार असतो. पुरुषांच्या सगळ्या ओळखी कचेरीतल्या. कचेरी सुटली की ते एकटे पडतात, आणि बोलून मात्र दाखवत नाहीत. मिशिगनमध्ये सहा महिन्यांसाठी गेलो, तेव्हा तर हे अगदीच गप्प झाले. लेक-जावई कामावर, रस्त्यावर चालणारं माणूस दिसायचं नाही. मला खरंच धास्ती वाटू लागली होती.

एका शनिवारी लेकीच्या शेजारचे आजोबा ह्यांना बळेच आपल्या मंडळात घेऊन गेले. दुपारी परतले ते कपड्यांवर भुसा घेऊन आणि तोंडात पट्टा घेऊन! रात्रीच्या जेवणापर्यंत बोलणं थांबलं नाही.

पुढच्या खेपेला मीही गेले. एका शाळेची जुनी कार्यशाळा, चाळीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. कुणी पूर्वी ट्रक चालवलेला, कुणी दातांचा डॉक्टर. अशी मंडळं तिथे गावोगाव आहेत. 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही त्यांची मोठी संस्था १९८६ साली निघाली, आणि तिच्याशी जोडलेली स्थानिक मंडळं आज तीनशेहून अधिक आहेत. बैठकीची रीत ठरलेली. आधी एक जण लेथवर काहीतरी करून दाखवतो. मग प्रत्येकानं महिनाभरात केलेली वस्तू टेबलावर मांडायची आणि तिच्यात काय जमलं, काय फसलं ते सांगायचं. शेवटी लाकडांची सोडत. वादळात कुणाच्या अंगणातलं झाड पडलेलं असतं, त्याचे ओंडके सगळ्यांत वाटले जातात. चहाऐवजी कॉफी आणि कुणाच्या तरी बायकोनं केलेला केक. म्हटलं, ही तर आपली भिशीच!

नुसती हौसच नाही हं. गंभीर आजारी मुलांसाठी तिथे 'बीड्स ऑफ करेज' नावाचा उपक्रम आहे. प्रत्येक उपचारागणिक मुलाला एक मणी मिळतो. ते मणी ठेवायला ही मंडळी झाकणाच्या डब्या कातून देतात. झाकण कसं हवं? तर अशक्त हातालाही सहज उघडेल असं. दातांचे डॉक्टर डोळे मिटून पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघत होते.

मलाही शिकण्याचा आग्रह झाला, पण पहिली अट ऐकून मी मागे सरले. लेथ मिनिटाला हजार-हजार फेरे घेतो. पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, बांगडी, माळ, काहीही अडकलं तर माणूस ओढला जातो. म्हणून सगळं उतरवायचं. शिकवणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. त्यांनी आपली लग्नाची अंगठी काढून खिशात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ऑपरेशनची वेळ सोडली तर मी हात रिकामे ठेवले नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी इथेच आहे ना? आण इकडे." मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून हे दोन तास तो रुमाल हातात धरून बसले. त्या दिवशी मी मेपलच्या लाकडाचं लाटणं केलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. ओल्या लाकडाचा वाडगा एका दमात पुरा करत नाहीत. दहा इंची वाडगा असेल तर तो कोरून काठ इंचभर जाड ठेवतात, बुडाशी तारीख लिहितात आणि सावलीत महिनोन् महिने वाळू देतात. आपण लोणचं मुरत ठेवतो तसं. वाळताना लाकूड वाकतं, लंबगोल होतं. मग पुन्हा लेथवर चढवून ते पातळ करायचं. आम्ही तिथे असतानाच मंडळातले एक वृद्ध सभासद वारले. त्यांच्या फळीवर अकरा वाडगे वाळत होते. पुढच्या बैठकीत अकरा जणांनी एकेक वाडगा उचलला, पुरा केला आणि सगळे त्यांच्या पत्नीकडे नेऊन दिले. बुडाशी त्यांच्या हातची तारीख तेवढी कुणी पुसली नाही. एक वाडगा ह्यांनी केला होता. परत येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "माझ्यामागे असं कोण करेल?"

परतल्यावर मी तो प्रश्न सोडला नाही. आमच्या भागातल्या एका सुतारमेस्त्रींकडे लेथ आहे. रविवारी दुपारी तो रिकामाच असतो. मेस्त्री गुरू झाले, आणि हे धरून पाच निवृत्त गृहस्थ शिष्य. वीज आणि लाकडाचा खर्च पाच जणांत वाटला जातो. पहिल्यांदा बालवाडीसाठी भोवरे झाले. हल्ली एखादा आला नाही तर बाकीचे चौघे त्याच्या दारात हजर!

जाता जाता एक घरगुती सूचना. लाकडी वस्तू पाण्यात भिजत ठेवू नका, कडक उन्हातही नको, तडकतात. धुऊन लगेच पुसा आणि उभ्या ठेवा. अधूनमधून औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चोळा. खायचं तेल चिकट होतं, त्याला वासही येतो.

आणि तुमच्या घरी कुणी वर्तमानपत्र दोनदा वाचत असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याला चार माणसं आणि हाताला एक काम मिळवून देता येतं का, तेवढं बघा. कातकामच हवं असं नाही. बागकाम चालेल, सायकलदुरुस्ती चालेल. पण माणसं मात्र हवीतच.