मैफलीतली माझी खुर्ची

क्षयाच्या रोग्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असं मला कुणी विचारलं, तर मी 'मरणाची' असं उत्तर देणार नाही. वेळेवर निदान झालं आणि औषधं नेमाने घेतली तर हा आजार बरा होतो, हे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात. भीती वाटते ती चारचौघांत खोकला येण्याची. बसमध्ये, लिफ्टमध्ये, देवळात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. आपण खोकलो की शेजारचा माणूस किंचित सरकतो. कोरोनानंतर तर तो उघडपणेच सरकतो. आणि गाण्याच्या कार्यक्रमात? तिथे तर टाचणी पडली तरी ऐकू येते.

२०२३ च्या जानेवारीत मला फुफ्फुसाचा क्षय असल्याचं कळलं. त्याआधी दीड महिना खोकला होताच, पण दिल्ली-नोएडाच्या हिवाळ्यात खोकत नाही असं कोण सापडेल? दिवाळीनंतर इथली हवा अशी काही होते, की सकाळी गॅलरीतून समोरची इमारत दिसत नाही. एका दवाखान्यात ब्रॉन्कायटिस म्हणून औषधं झाली. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, कपडे सैल व्हायला लागले, आणि एके दिवशी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, आणि रोज उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या हातात आल्या. सहा महिने, एकही दिवस न चुकवता. सुरुवातीला माझं वजन एकेचाळीस किलोवर आलं होतं.

सांगलीहून आईचा फोन आला, "कुणाला सांगू नकोस गं. टायफॉइड झालाय म्हण." भारतात दरवर्षी लाखो लोकांना हा आजार होतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव रोगी आपल्याच देशात आहेत. तरीही आपल्या ओळखीत मात्र कुणालाच तो झालेला नसतो! सगळ्यांना टायफॉइडच होतो.

सासूबाईंनी माझी कपबशी वेगळी केली. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, क्षय भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. औषधं सुरू झाली की थोड्याच दिवसांत संसर्गाची भीतीही कमी होते. त्यांनी मान डोलावली आणि कपबशी वेगळीच ठेवली. मला राग आला नाही असं नाही. पण त्यांचा मोठा भाऊ त्यांच्या लहानपणी याच आजाराने गेला होता, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या आठवणीतला क्षय वेगळा होता, माझा वेगळा.

त्या दिवसांत मी खूप गाणं ऐकलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. वाचलं की डोळे दुखत, बोललं की धाप लागे. यांनी उशाशी मोबाइल आणि एक छोटा स्पीकर ठेवून दिला होता. आणि ऐकता ऐकता मी पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे जायला लागले. ते म्हणजे कुमार गंधर्व.

देवासचं ते घर

कुमारजींची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते, पण अंथरुणावर पडून ती ऐकण्यात फरक आहे. ८ एप्रिल १९२४ ला बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा. लहानपणीच त्याच्या गाण्याने लोक थक्क झाले आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. १९४७ साली लग्न, आणि लगेचच क्षय. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये माळव्यातल्या देवासला मुक्काम हलवला. वय अवघं चोवीस. डॉक्टरांची ताकीद होती की गायचं नाही.

पाच-सहा वर्षं हा माणूस गायला नाही. त्या काळी स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नवंच होतं. ते मिळालं आणि जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. एका खोलीत पडून ते ऐकत राहिले. रस्त्यावरून भजन गात जाणारे नाथपंथी, बायकांची लग्नाची आणि पावसाची गाणी, बाजारातले आवाज. पुढे माळव्याची लोकगीतं त्यांनी गोळा केली, त्यांच्या धुनांतून नवे राग बांधले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा गाणं बदललेलं होतं. लोकांनी नाकंही मुरडली, आणि डोक्यावरही घेतलं. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच ते गेले.

फुफ्फुस गेलं म्हणून त्यांनी लहान लहान, तुटक स्वरवाक्यांची गायकी काढली, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. श्वास कमी असलेली माणसं देशात लाखो होती, त्यातून कुमार गंधर्व एकच झाले. श्वास कमी पडला हे खरं, पण कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवलं. रेकॉर्डिंगमध्येसुद्धा ते कळतं. सूर सोडून दिल्यावरची शांतताही गाण्यातच मोजलेली असते. दोन जिने चढून वर आल्यावर भिंतीला टेकून उभी राहायचे, तेव्हा मला त्या शांततेची आठवण व्हायची.

या गोष्टीत एका बाईंचं नाव मात्र घाईघाईने घेतलं जातं. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई. त्याही देवधरांच्याच विद्यार्थिनी, गाणाऱ्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, आणि उरलेल्या वेळात नवऱ्याची शुश्रूषा केली. १९६१ साली बाळंतपणात त्या गेल्या. त्यांचं गाणं कुठे गेलं, याचा हिशेब कुणी मांडलेला मी वाचलेला नाही. आमच्या घरी पहाटे साडेपाचला उठून माझ्यासाठी अंडं उकडणारे आणि मग ग्रेटर नोएडाची बस पकडणारे हे, यांच्याकडे बघताना मला त्या बाई नेहमी आठवायच्या.

आणि मित्र! इंदूरचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके. कुमारजींभोवती माणसांचा असा गोतावळा होता. आजारातून उठलेला माणूस एकटा उठत नाही, हे मला या नावांवरून पहिल्यांदा उमगलं. माझ्याकडे तेव्हा स्पीकर होता, गोतावळा नव्हता. आम्ही सगळ्यांना टायफॉइड सांगून बसलो होतो ना.

पहिली मैफल

दोन महिन्यांनी थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, बाहेर पडा, चाला, माणसांत जा. कागदावर मी मोकळी झाले होते. प्रत्यक्षात आणखी तीन महिने मी भाजी आणायलासुद्धा मास्क लावून, मान खाली घालून जात असे.

जूनच्या शेवटी आषाढी एकादशी आली. आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या सेक्टरांत मिळून वीस-पंचवीस मराठी घरं आहेत. दरवर्षी कुणाच्या तरी घरी भजन होतं. कुणाकडे पेटी, कुणाकडे टाळ. पखवाज वाजवणारा एक मुलगा गुडगावहून येतो. त्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "चल, दाराजवळ बस हवं तर. पंढरपूर काही इथून जवळ नाही."

मी दाराजवळ बसले. भजन सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला व्हायचं तेच झालं. घशात खवखव, मग खोकला, थांबता थांबेना. मी उठायला लागले, तर शेजारी बसलेल्या, मयूर विहारहून आलेल्या एका काकूंनी माझा हात धरून खाली बसवलं. कमरेच्या बटव्यातून ज्येष्ठमधाची कांडी काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि टाळ वाजवायला लागल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाळांच्या त्या गजरात माझा खोकला कुणाला ऐकूही गेला नसेल. ध्रुवपद आलं तेव्हा मी तोंडातल्या तोंडात म्हणू लागले. सबंध ओळ एका श्वासात म्हणता आली नाही. मी सोडली तिथून पुढे बाकीच्यांनी म्हटली, आणि त्यांचा श्वास संपला तिथे मी परत धरली. समूहाने गाण्यात ही सोय असते. पाच महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

नंतर काकूंनी विचारलं, "छातीचं होतं का?" मी हो म्हटलं. "क्षय," असंही म्हटलं. तो शब्द घराबाहेर मी पहिल्यांदा उच्चारला. त्या म्हणाल्या, "माझं गर्भाशय काढलंय, कॅन्सर होता. ऑगस्टमध्ये कमानीला येतेस का? विष्णु दिगंबर आहे."

दिल्लीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की 'विष्णु दिगंबर' म्हणजे इथल्या गांधर्व महाविद्यालयाचा विष्णु दिगंबर जयंती संगीत समारोह. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या पलुस्करांची डोळ्यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. राजवाड्यातलं गाणं तिकीट काढून बसणाऱ्या साध्या माणसापर्यंत आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. देवधर त्यांचेच शिष्य, म्हणजे कुमारजीही त्याच वंशावळीतले. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय पं. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये सुरू केलं, आणि त्यांचे पुत्र मधुप मुद्गल कुमारजींकडे शिकले. नोएडात अंथरुणावर पडून जे मी स्पीकरवर ऐकत होते, त्याचा एक धागा मंडी हाऊसच्या चौकापर्यंत आलेला होता.

ऑगस्टपर्यंत माझे सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले होते. ब्लू लाइन मेट्रोने मंडी हाऊसला उतरले, जिना चढताना दोनदा थांबले, आणि कमानी सभागृहात कडेची खुर्ची धरली. काकूंनी आधीच बजावलं होतं, कडेचीच घे, म्हणजे उठायची भीती राहत नाही, आणि भीती नसली की उठावं लागत नाही.

प्रत्यक्ष गाणं ऐकताना मला एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा श्वास फारसा ऐकू येत नाही. सभागृहात तो दिसतो. सूर लावण्याआधी खांदे किंचित वर जातात, छाती भरते, तानेच्या शेवटी गळ्याची शीर ताठ होते. एवढे मोठे गवई, पण श्वास त्यांनाही पुन्हा पुन्हा घ्यावाच लागतो! दमणं ही लाजेची बाब आहे, असं मी सहा महिने धरून चालले होते. इथे शेकडो माणसं एका माणसाच्या श्वासाकडे लक्ष लावून बसली होती आणि तो पुरला की 'वाह' म्हणत होती. खोकला दोनदा आला, तबल्याच्या जोरात निभावून गेला. शिवाय माझ्या मागे एक आजोबा माझ्यापेक्षा जास्त खोकत होते.

संगीताने रोग बरा होतो, असलं काही मी लिहिणार नाही. माझा क्षय गोळ्यांनी बरा झाला, आणि ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्यांनी रागदारी नव्हे, थुंकीची तपासणी करावी. सरकारी केंद्रात ती आणि औषधं मोफत मिळतात. पौष्टिक आहारासाठी मिळणारी रक्कमही २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याला पाचशेऐवजी हजार रुपये झाली आहे. पण गोळ्यांनी रोग गेल्यावर रोगीपण उरतं. घरातली माणसं 'कसं वाटतंय?' विचारत राहतात, आणि त्यांचं काय चुकतं? मैफलीत मात्र तो प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, "आज जयजयवंती जरा घाईत झाला, नाही?"

आता आमचा पाच-सहा जणांचा कंपू झालाय. मयूर विहारच्या काकू, जनकपुरीचे बँकेतून निवृत्त झालेले एक सरदारजी, ज्यांची बायपास झाली आहे, एक कॉलेजातली मुलगी, जी आपल्याबद्दल काही सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. स्पिक मॅकेचे कार्यक्रम असले की जातो. आयआयटीच्या प्रा. किरण सेठांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ही संस्था प्रवेशाचे पैसे घेत नाही, आणि नेहरू पार्कच्या हिरवळीवर तर सतरंजी टाकून आडवंही होता येतं, जे आमच्यासारख्यांना फार सोयीचं! एका गुरुवारी सरदारजींनी सगळ्यांना हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वालीला नेलं. तिथे अंगणात बसलेल्या निम्म्या माणसांच्या हातात दवाखान्याच्या फायली होत्या, असं मला उगीच वाटलं. काकू म्हणाल्या, "उगीच नाही, बघ नीट." खरंच, माझ्या पुढच्याच बाईच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं.

सासूबाई अजून सभागृहात येत नाहीत, गुडघे दुखतात. पण गेल्या एकादशीला भजन आमच्याच घरी ठेवलं. चहाच्या वेळी कप कमी पडले, तेव्हा त्यांनी माझी ती वेगळी ठेवलेली कपबशी काढली, विसळली, चहा भरला आणि पखवाजवाल्या मुलाला दिली. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. त्यानंतर ती कपबशी बाकीच्यांबरोबरच मांडणीवर असते.

परवा आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात गाठलं. तिच्या नवऱ्याला डायलिसिस सुरू होऊन चार महिने झालेत, तो घराबाहेर पडायला तयार नाही. पूर्वी मुकेशची गाणी छान म्हणायचा म्हणे. "त्यांना दोन तास बसवेल का हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम बघू, डॉक्टरांना विचारून घ्या, कडेची खुर्ची धरू, आणि शाल बरोबर ठेवा, कमानीचा एसी फार गार असतो.