ओली गोधडी

धर्मगुरूकडे लोक कोणकोणते प्रश्न घेऊन येतात याची यादी कोणी केलीच, तर तीत शेताची वाटणी, दारूचे व्यसन, मुलीची सोयरीक आणि सासू-सुनेचा अबोला हे विषय अग्रभागी असतील. त्या यादीच्या अगदी तळाशी, खालच्या आवाजात विचारला जाणारा एक प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात घरभेटीला जाताना तो आमच्या कानी अनेकदा आला आहे. चहाची बशी पुढे ठेवून आणि सासूबाई परसदारी गेल्याची खात्री करून तरुण माता हळूच म्हणते, "फादर, लेकरू तीन वर्षांचं झालं, तरी रोज रातच्याला गोधडी भिजवतंय. काय करावं?"

ब्रह्मचाऱ्याने या विषयावर लेखणी उचलावी याचे काही वाचकांना हसू येईल. ते अवश्य हसोत. मात्र ज्याने काही वर्षे लहान मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली आहे, पहाटे उठून अंथरुणे तपासली आहेत आणि उन्हात वाळत घातली आहेत, त्याला हा विषय परका राहत नाही. शिवाय या प्रश्नावर जाणत्या डॉक्टरांशी बोलण्याचा आणि चार पुस्तके चाळण्याचा योग आम्हांस आला आहे. त्यातून जे उमगले, ते आमच्या कुटुंबांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

शहरातील सुखवस्तू घरात ओले अंथरूण ही किरकोळ गैरसोय असेल. आमच्याकडे ती तशी नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा गारठा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. कृषी विद्यापीठातील तापमापकावरचा पारा कित्येक पहाटे एक आकडी होतो. अशा रात्री एका गोधडीखाली आई, लेकरू आणि त्याची मोठी बहीण निजलेली असतात. लेकराने ती भिजवली की तिघेही कुडकुडत उठतात. थंडीत घाम फारसा येत नाही, म्हणून लघवीही जास्त होते. म्हणजे गोधडी वाळायला सर्वांत कठीण असते, त्याच दिवसांत ती सर्वांत जास्त भिजते.

उन्हाळ्यात थंडी नसते, तर पाणी नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर घालून शिवलेली गोधडी एकदा नीट धुवायची, तर घागरीमागून घागरी रित्या होतात. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईने त्या घागरी कोठून आणाव्यात? मग गोधडी न धुताच उन्हात टाकली जाते, घराला वास येतो आणि आईचा हात लेकराच्या पाठीवर पडतो. तो हात दुष्ट नसतो, थकलेला असतो. पण मार तर लागतोच.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अवस्था याहून बिकट. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता पहाटेच्या काळोखात फडात उतरतो. पाचटाच्या कोपीत, जमिनीवर अंथरलेल्या एका वाकळेवर लेकरू झोपलेले असते. ती वाकळ ओली झाली तर ती वाळवायला घरी कोणी नसते. संध्याकाळी फडातून परतलेल्या आईला तीच ओली वाकळ पुन्हा अंथरावी लागते.

या साऱ्याचा दोष कोणाला द्यायचा? आपल्याकडे तो दोन ठिकाणी जातो : लेकराला आणि त्याच्या आईला. लेकरू 'आळशी' ठरते, 'मुद्दाम करते' असे म्हटले जाते. आईने 'वळण लावले नाही' असे ठरते. भिंतीवर वाळत घातलेली गोधडी साऱ्या गल्लीला बातमी देते. शेजारची पोरे त्या लेकराला असे एक नाव ठेवतात, की ते आम्ही येथे लिहीत नाही. वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक आहे आणि काहींनी ते लहानपणी सोसलेही असेल. दिव्याशी खेळले की रात्री अंथरूण ओले होते, ही म्हाताऱ्या माणसांची समजूत. त्यामुळे बिचाऱ्या दिव्यावरही आळ येतो.

वास्तविक हे दुखणे मानवजातीइतकेच जुने असावे. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एबर्स पपायरस या वैद्यकीय लेखात मुलांच्या लघवी न थांबण्यावर उपाय नोंदविलेला आहे. आपल्या शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या गणनेत 'शय्यामूत्र' हे नाव येते. आजीबाईंच्या बटव्यात गूळ घातलेले काळे तीळ आहेत. इतक्या पिढ्यांनी इतके उपाय शोधले, यावरून एक गोष्ट दिसते : प्रत्येक पिढीत अशी लेकरे होती आणि त्यांतील बहुतेक सगळी मोठी होऊन कोरड्या अंथरुणावर झोपू लागली.

हे कसे घडते, ते आता पाहू. रात्रभर कोरडे राहण्यासाठी लेकराच्या शरीरात तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे मूत्राशय पुरेसे मोठे व्हावे लागते. वयाच्या वर्षांत एक मिळवून त्यास ३० ने गुणले, की त्यात साधारण किती मिलिलिटर मावते याचा अंदाज येतो. तीन वर्षांच्या लेकराचे उत्तर १२० येते, म्हणजे चहाचा एक लहान कप. पाच वर्षांच्या मुलाचे १८०. दुसरी गोष्ट, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रात्री एक रस अधिक प्रमाणात सोडू लागते. व्हॅसोप्रेसिन हे त्याचे नाव. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे रात्री लघवी कमी तयार करतात. काही मुलांत ही घडी उशिरा बसते. तिसरी गोष्ट, मूत्राशय भरल्याची हाक झोपेतल्या मेंदूला ऐकू यावी लागते. गाढ झोपेत असलेल्या काही मुलांना ती ऐकूच येत नाही. या तिन्हींपैकी एकही गोष्ट लेकराच्या इच्छेने घडत नाही आणि मारानेही घडत नाही.

म्हणून दिवसा शहाणे झालेले लेकरू रात्रीही लगेच शहाणे होईल अशी अपेक्षा धरू नये. दिवसाचे वळण दोन-तीन वर्षांत लागते. रात्रीचे त्याच्या मागून येते, कोणाचे तिसऱ्या वर्षी, कोणाचे पाचव्या. मुली बहुधा मुलांच्या थोड्या पुढे असतात. पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षीसुद्धा शंभरांतील सुमारे १५ मुले अंथरूण ओले करतात, आणि पुढे दरवर्षी त्यांतील साधारण सातवा हिस्सा काही न करता बरा होतो. ही गोष्ट घराण्यातूनही येते. आईबापांपैकी एकाला बालपणी हा त्रास असेल, तर अपत्याला तो होण्याचा संभव शेकडा ४४ च्या आसपास. दोघांनाही असेल, तर ७७. तेव्हा नातवावर ओरडणाऱ्या आजोबांनी आधी आपल्या लेकाचे बालपण आठवावे, आणि धीर झाल्यास स्वतःचेही!

आमच्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगणे कठीण नाही. कापसाची लागवड एकाच दिवशी होते, माती एक, खत एक. तरीही सगळी बोंडे एका दिवशी फुटत नाहीत. म्हणूनच वेचणी एकदा करून भागत नाही, तीन-चारदा करावी लागते. न फुटलेले बोंड कोणी नखाने उकलत नाही, कारण आत अपक्व सरकी आणि ओला कापूस निघेल हे त्याला ठाऊक असते. जो माणूस बोंडाची वाट पाहू शकतो, त्याला लेकराची वाट पाहणे अवघड का जावे?

वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. काही साध्या गोष्टी घरच्या घरी करता येतात. आमच्या भागात दोन वर्षांच्या लेकरालाही बशीतून चहा पाजतात. रात्रीचा चहा तरी बंद करावा, कारण चहाने लघवी वाढते. पाणी मात्र तोडू नये. दिवसभर लेकराला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे झोपण्यापूर्वी ते तहानेने घटाघटा पीत नाही. त्याचे पोट रोज साफ होते की नाही ते पाहावे. तुंबलेले पोट मूत्राशयावर दाब आणते, हे पुष्कळांना माहीत नसते. झोपण्यापूर्वी त्याला शू करवून आणावे. शौचालय अंगणाच्या टोकाला असेल, तर अंधार, विंचू, कुत्री यांच्या भयाने लेकरू जागे असूनही उठत नाही. त्याच्यासाठी घरातच एखादे भांडे ठेवावे आणि मंद दिवा जळत ठेवावा.

गोधडीवर मेणकापड आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याची दोन-तीन दुपटी अंथरावीत. भिजली तर दुपटी धुवावी लागतील, गोधडी नव्हे. आमच्याकडे हा हिशेब पाण्याच्या घागरींचा आहे. रात्री अकराच्या सुमारास लेकराला उचलून बाहेर नेण्याची आणि तोंडाने 'श्श' असा आवाज करण्याची आपली जुनी रीत आहे. तिने त्या रात्रीची गोधडी वाचते, आणि ते सुख कमी नाही; मात्र तेवढ्याने लेकराचे शरीर लवकर शिकते असे वैद्यकशास्त्र मानत नाही. म्हणून एखाद्या रात्री उठणे झाले नाही, तर आईने स्वतःला दोष देऊ नये.

धीराला मात्र एक अपवाद आहे, आणि तो लक्षात ठेवावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. एका खेड्यातील साडेचार वर्षांची मुलगी वर्षभर रात्री कोरडी राहत होती. अचानक ती पुन्हा अंथरूण भिजवू लागली. आजीला वाटले, दृष्ट लागली. आईने संध्याकाळनंतरचे पाणी बंद केले. मुलगी रात्री उठून रांजणापाशी जाऊन पाणी प्यायची. तिला रागे भरले गेले. गावच्या अंगणवाडी सेविकेने महिन्याच्या वजनाच्या दिवशी तिला काट्यावर ठेवले आणि त्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. मुलीचे वजन वाढण्याऐवजी उतरले होते. त्यांनी त्याच दिवशी तिला दवाखान्यात पाठविले. रक्तातील साखर भयंकर वाढलेली होती. लहान मुलांना होणारा मधुमेह होता तो. आज ती मुलगी इन्सुलिन घेते, शाळेत जाते आणि वर्गात आपल्या बाकावर पाण्याची बाटली ठेवते. १९२२ साली मधुमेही रुग्णावर इन्सुलिनचा पहिला प्रयोग झाला. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. आजही निदानाला उशीर झाला, तर ती दगावतात.

तेव्हा सहा महिने कोरडे राहिलेले लेकरू एकाएकी पुन्हा ओले करू लागले, तर आधी त्याच्याकडे नीट पाहावे. तहान फार, लघवी फार, वजन कमी असे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी करताना ते रडत असेल, ताप येत असेल, तरीही दाखवावे. आणि यांतील काहीच नसेल, तर घरात काय बदलले आहे ते पाहावे. पाळण्यात नवे बाळ आले असेल. आजोबा वारले असतील. वडील रात्री पिऊन येऊन आरडाओरडा करू लागले असतील. लेकराला शब्द सापडत नाहीत. त्याची व्यथा अंथरुणावर उमटते.

वडिलांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट बोलून मोकळे होऊ. रात्री दोनदा-तीनदा उठून दुपटी बदलणारी ती एकटी आईच असते. सकाळी भाकरी थापून तीच कापूस वेचायला जाते. "बाप्याला झोप मोडवत नाही," असे आम्हांला अनेक घरांत सांगण्यात आले. हे आम्हांला खरे वाटत नाही. शेतीच्या पंपाची वीज मध्यरात्री येते, तेव्हा हाच बाप्या बॅटरी घेऊन, सापकिरडाची पर्वा न करता, हरभऱ्याला पाणी द्यायला जातो आणि पहाटेपर्यंत दारे धरतो. पिकासाठी ज्याची झोप मोडते, त्याची लेकरासाठी मोडत नाही असे कसे? मोडते, फक्त ते काम आपले आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. आम्ही ते येथे सांगत आहोत. आठवड्यातल्या तीन रात्री वडिलांच्या असाव्यात.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ असे करतात. रात्री एकच्या सुमारास शेतातून आले, की चिखलाचे पाय धुऊन ते आधी धाकट्याला उठवतात, त्याचा हात धरून अंगणात नेतात, परत आणून निजवतात आणि मग स्वतः आडवे होतात. त्यांच्या पत्नीने हे आम्हांला मोठ्या नवलाने सांगितले. लेकरू अजून आठवड्यातून दोन वेळा गोधडी भिजवते. त्या सकाळी ती गोधडी घराच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी वाळत घातली जाते, आणि न्याहारीच्या वेळी त्याबद्दल कोणी एक अक्षरही काढत नाही.