शेजारच्या मोटारीची जाहिरात

मोटारींविषयीं लिहिण्याचा अधिकार मला मुळींच नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. उभा जन्म मुलांकडून ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेण्यांत गेला. स्वतःच्या मालकीचें वाहन म्हणजे एक सायकल, आणि तीहि दोनदां चोरीस गेलेली. परंतु गेल्या उन्हाळ्यांत चिरंजिवांकडे अमेरिकेंत कांहीं महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें एका जुन्या मोटारीच्या विक्रीची जाहिरात ऐकून मत देण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या कामानें माझी झोंप कां उडाली, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

चिरंजिवांचें बिऱ्हाड डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस आहे. समोर पंचाहत्तरीचे एक विधुर गृहस्थ राहतात, मोटारीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. मी सकाळीं फिरून परत येई, तेव्हां त्यांच्या मोटारखान्याचें दार उघडें असे आणि आंत लाल रंगाची एक लांबलचक गाडी आरशासारखी चकाकत असे. मी शिक्षक होतों हें कळल्यापासून ते मला ‘टीचर’ म्हणत. माझें इंग्रजी पुस्तकी, त्यांचें कारखान्यांतलें. तरी आमचें जमलें.

या जातीच्या गाडीला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपल्याकडे पोरगा तालमींतून आला कीं बाही सारून दंडाची बेटकुळी दाखवितो, तसा हा प्रकार: अंगकाठी मध्यम, पोटांत मात्र थोरल्या गाडीचें इंजिन. समोरच्या गाडीवर ‘जी.टी.ओ.’ अशीं अक्षरें होतीं. त्यांचा इतिहास शेजाऱ्यांनीं दोन सकाळ पुरवून सांगितला. जनरल मोटर्स कंपनीनें १९६३ च्या जानेवारींत आपल्या शाखांना शर्यतींत भाग घेण्यास मनाई केली. मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये असाहि दंडक होता. पाँटिॲक शाखेचे मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतून जी वाट काढली, ती एखाद्या मीमांसकास शोभावी! दंडक गाडीच्या प्रकाराला होता. ग्राहकानें वरून मागितलेल्या जोडसामानाला नव्हता. तेव्हां १९६४ सालच्या ‘ल मान्स’ नांवाच्या सौम्य गाडीलाच, कोणी मागितल्यास, सुमारें २९५ डॉलर अधिक घेऊन ३८९ घन इंचांचें इंजिन द्यावयाचें. त्याची शक्ति ३२५ अश्वांची; तीन कार्ब्युरेटर घेतल्यास ३४८. पांच हजार गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या वर्षीं खपल्या ३२,४५०.

मग इतर कंपन्या मागोमाग धांवल्या, आणि दहा वर्षांत खेळ आटोपलाहि. विम्याचे हप्ते तरुणांस पेलेनात, धुराविषयींचे कायदे कडक झाले, १९७३ त तेलाची टंचाई आली. पाँटिॲक हें नांवसुद्धां २०१० सालीं बंद झालें. राहिली आहे ती हौस. डेट्रॉइटहून पाँटिॲक गांवाकडे जाणाऱ्या वुडवर्ड रस्त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टांत जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तीहि आम्हीं पाहिली. घडीच्या खुर्च्या घेऊन कडेला बसावयाचें आणि पालख्या पाहाव्या तशा गाड्या पाहावयाच्या. आमच्या कुटुंबानें कानांत कापूस घातला होता.

शेजारी व त्यांचा धाकटा भाऊ यांनीं ही गाडी १९९६ सालीं एका शेतकऱ्याच्या कोठारांतून उचलून आणली होती. मिशिगनांत बर्फ वितळावें म्हणून हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें मीठ गाड्यांना वाळवीसारखें खातें. तळाच्या पत्र्याची चाळण झालेली. मागच्या बाजूस बोट घातलें तर आरपार जाई. दोघा भावांनीं गाडीचें अंग खालच्या चौकटीवरून उचलून वेगळें केलें, कुजका पत्रा कापून नवा जोडला, प्रत्येक बोल्ट डबींत चिठ्ठी घालून ठेवला. रविवारच्या रविवार अकरा वर्षें हें चाललें. कसब धाकट्याचें, वडील भाऊ हाताखालीं. त्या डब्या अजून फळीवर आहेत, धाकट्याच्या बारीक अक्षरांतील चिठ्ठ्यांसह. तो धाकटा गेल्या वर्षीं वारला. गाडी दोघांची, आणि भावजयीच्या घरावर कर्ज. म्हणून विकणें प्राप्त झालें.

येथें अडचण उभी राहिली. १९६४ च्या गाडीवर कारखान्यानें ठोकलेल्या क्रमांकावरून ती जी.टी.ओ. कीं साधी ल मान्स हें कळत नाहीं, कारण जी.टी.ओ. तेव्हां केवळ जोडसामान होतें, स्वतंत्र प्रकार तो १९६६ त झाला. त्यामुळें साध्या ल मान्सला तीं अक्षरें व तें इंजिन चढवून खपविणारेहि निघाले. निकाल लागतो तो कारखान्याच्या जुन्या विक्रीपत्रकावरून. त्या पत्रकांच्या नकला देणारी एक संस्था तेथें आहे. गिऱ्हाईक विचारील म्हणून शेजाऱ्यांनीं नक्कल मागविली. तींत लिहिलें होतें: ल मान्स, इंजिन ३२६ घन इंचांचें. कोठारांत येण्यापूर्वींच कोणीं तरी तिला सोंग दिलें होतें. धाकट्या भावाला हें कधींच कळलें नाहीं.

“आतां काय लिहूं, टीचर?” त्यांनीं विचारलें. खरें लिहिलें तर किंमत जवळजवळ निम्म्यावर येईल, असा त्यांचा अंदाज होता.

मीं काय सांगितलें तें लिहितांना संकोच वाटतो. मीं म्हटलें, “नुसतें ‘१९६४ ची पाँटिॲक, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली’ असें लिहा. यांत खोटें एक अक्षर नाहीं. छायाचित्रांत अक्षरें दिसतील. वाचणारा काय तो अर्थ काढील.” एवढ्यावर न थांबतां मीं त्यांचीच माहिती त्यांच्यापुढें ठेवली. अस्सल जी.टी.ओ. तरी कोठें सत्यवादी होती? बॉनेटवरच्या तिच्या नाकपुड्या बंद, केवळ शोभेच्या. अंगावर ‘६.५ लिटर’ म्हणून बिल्ला, आणि इंजिन मोजलें तर ६.४ सुद्धां पुरतें भरत नाहीं. नांव तर इटलीच्या फेरारीकडून सरळ उचललेलें!

ते मनापासून हंसले. मग म्हणाले, “तें कंपनीचें झालें. याच्याखालीं माझी सही आहे.”

त्या रात्रीं मला झोंप लागेना. मौनाची बाजू मीं एवढ्या हिरिरीनें कां घ्यावी? कारण ती माझी स्वतःची बाजू होती. २०१९ सालीं मीं रत्नागिरीकडचें आमचें घर विकलें. घेणाऱ्या तरुणानें विचारलें, “गुरुजी, पाणी कसं आहे?” मीं म्हटलें, “विहीर पणजोबांनीं बांधलेली, पाणी अमृतासारखें.” शब्दन् शब्द खरा. चैत्र संपतां संपतां ती तळाला जाते आणि मृगापर्यंत घागर बुडत नाहीं, हें त्यानें विचारलें नाहीं व मीं सांगितलें नाहीं. व्यवहार मार्गशीर्षांत झाला. विहीर तेव्हां भरलेली होती.

दुसऱ्या दिवशीं मी शेजाऱ्यांकडे गेलों आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेची गोष्ट सांगितली. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना तेथील पंडितांनीं मागाहून घुसलेले श्लोक संहितेंतून काढले, पण फेंकून दिले नाहींत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. त्यांना ही गोष्ट फार आवडली. मीं म्हटलें, “मग तुम्हीहि तळटीप घाला.” ते म्हणाले, “तळटीप कोण वाचतो?” आणि त्यांनीं पहिलीच ओळ अशी लिहिली: ‘ही जी.टी.ओ. नव्हे. १९६४ ची ल मान्स आहे, जी.टी.ओ.चें इंजिन व वेष असलेली. विक्रीपत्रकाची नकल सोबत.’ त्याखालीं भावाच्या कामाचें वर्णन मात्र भरघोस, पत्र्याच्या प्रत्येक सांध्यासह.

भावजय चार दिवस त्यांच्याशीं बोलली नाहीं. तिचेंहि चुकलें असें मला म्हणवत नाहीं.

सप्टेंबरांत एक बाप व त्याची विशीची मुलगी येऊन गाडी घेऊन गेलीं. मुलगी अर्धा तास गाडीखालीं पाठीवर पडून सांधे न्याहाळीत होती. बाहेर येऊन तिनें एवढेंच विचारलें कीं, हें काम कोणाचें? फळीवरच्या डब्या तिलाच मिळाल्या. आलेली सारी रक्कम शेजाऱ्यांनीं भावजयीस दिली, असें मागाहून सूनबाईंकडून कळलें.

परत आल्यावर नोव्हेंबरांत मी गांवीं गेलों. घराला नवा रंग होता, आणि विहिरीच्या कांठावर ताज्या कातळाचा ढीग. मीं बोलण्यास सुरुवात करतांच तो तरुण म्हणाला, “पहिल्याच वैशाखात समजलं, गुरुजी. यंदा आणखी दहा हात खोल नेली. बसा, चहा घ्या.” खर्च किती आला, असें मीं तीनदां विचारलें. त्यानें सांगितला नाहीं. चहा गुळाचा होता.