अर्पणपत्रिका आणि पत्र

जबलपूरचे अधारताल राणी दुर्गावतीच्या दिवाणाच्या, आधारसिंहाच्या नावाने ओळखले जाते. ते खणणाऱ्यांची नावे उरलेली नाहीत. मुक्तीच्या इतिहासातही बहुधा असेच घडते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. तेथे मुक्तिदाता पुढे आहे. जुलै १९४६ च्या सुमारास आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र मात्र मुक्ती मागणाऱ्यालाच उद्देशून होते. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस आदल्याच वर्षी मँचेस्टरच्या अखिल आफ्रिकी परिषदेत एन्क्रुमांसमवेत होते. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. त्याला उसनवारी म्हणावे, तर फुल्यांची अर्पणपत्रिका त्याहून ९९ वर्षांनी जुनी आहे.