सतरा सेकंदांचा हिशेब

कष्टकरी माणसाला वेळेची किंमत कुणी सांगावी लागत नाही. मी वाळूजच्या एका कंपनीत पाळीने काम करते. पहाटेची बस गाठण्यासाठी औरंगपुऱ्यातून क्रांती चौकापर्यंत चालत जावे लागते. बस कुणासाठी थांबत नाही. ती चुकली की त्या दिवसाचा खाडा.

माझी मुलगी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकते. सुट्टीत तिने घरीच घड्याळ बनवायला घेतले. मी विचारले, "बाजारात तयार मिळतं, मग हा खटाटोप कशाला?" ती म्हणाली, "आई, ते चालतं कसं, हे दुकानात मिळत नाही."

तयार बोर्ड नव्हता. इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ या घराण्यातली चाळीस पायांची नुसती चिप, एक क्रिस्टल, चार आकड्यांचा डिस्प्ले, थोडे रेझिस्टर आणि मोबाईलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर, एवढेच सामान. तो क्रिस्टल सेकंदाला १ कोटी २० लाख कंपने करतो. चिप दर बारा कंपनांना एक मोजते, म्हणजे सेकंदाला १० लाख. पण तिची मोजणी ६५,५३६ वर भरून पुन्हा शून्यावर येते. म्हणून मुलीने पन्नास-पन्नास हजारांचे वीस हप्ते पाडले. वीस हप्ते पुरे झाले की एक सेकंद.

घड्याळ सुरू झाले, पण रोज सतरा सेकंद मागे पडू लागले. आठवड्याला दोन मिनिटे! तेवढ्यात माझी बस निघून जाईल. मुलगी वही घेऊन बसली. दर हप्त्यानंतर मोजणी नव्याने लावताना दहा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग, वाया जात होता. दिवसाचे हप्ते १७ लाख २८ हजार. गुणाकार केला, सतरा सेकंद सापडले. मग तिने मोजणी १५,५३६ ऐवजी १५,५४६ पासून सुरू केली आणि घड्याळ ताळ्यावर आले.

अजून वीज गेली की ते वेळ विसरते. त्यासाठी बटणसेलवर चालणारी दुसरी चिप जोडायची आहे.

पालकहो, मुले तारा आणि सुटे भाग पसरून बसली तर पसारा म्हणून रागावू नका. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही हिशेबाने सापडते. ही सवय मुलांना लागली, तर त्यांच्या वाट्याचे कुठे काय गळते आहे, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.