निळीचा डाग

जूनमधल्या एका रविवारी साताऱ्याहून पुण्याला येत होतो. पाऊस नुकताच थांबलेला. पुढच्या ट्रकने काचेवर चिखलाचा सडा घातला. वायपरची दांडी ओढली, मोटर घुरघुरली, पण पाणी काही आलं नाही. वायपरने मात्र इमानेइतबारे तो चिखल काचभर सारवला. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा पुढच्या गाड्यांचे लाल दिवे नुसते फिसकटलेले दिसत होते. बाहेर पडल्यावर पहिल्याच ढाब्याशी थांबून प्यायच्या पाण्याने काच धुतली.

वायपरच्या पाण्याची टाकी मी चारच दिवसांपूर्वी गळ्यापर्यंत भरली होती. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "टाकीच बदला साहेब, पूर्ण सेट येतो." गळतंय कुठे ते न बघता टाकी बदलायची, हे काही पटेना.

तसं त्यात आहेच काय? बंपरच्या कोपऱ्यात दडलेली प्लास्टिकची टाकी, तिच्या तळाशी रबरी बुशात दाबून बसवलेला छोटा पंप, तिथून बॉनेटकडे चढणारी बारीक नळी, वर एक टी-जॉइंट आणि दोन नोझल. टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नळी कुठे फुटली असेल, तर पाणी दांडी ओढल्यावरच सांडेल. टाकी, बुश किंवा पंपच गळत असेल तर गाडी उभी असतानाही. एवढाच तर्क घेऊन कामाला लागलो. पार्किंगच्या फरशीवर आधीच इतरांच्या एसीचं पाणी असतं, त्यात आपलं कुठलं हे कळावं म्हणून टाकीत निळीचे चार थेंब टाकले.

मुलीला आत बसवलं. "ओढ," म्हटलं की तिने दांडी ओढायची. तिसऱ्या वेळी बॉनेटच्या बिजागरीजवळून निळी चिळकांडी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर. नळीवर दातांच्या खुणा होत्या. आमच्या सोसायटीत उंदरांना गाड्यांचं भारी प्रेम! कुरतडलेला तुकडा कापून टाकला. जोडायचा तुकडा मिळाला तो मात्र शोभेच्या माशांच्या दुकानात: त्यांच्या हवेच्या नळीचा जोड आमच्या नळीत चपखल बसला. नळीची टोकं आधी गरम पाण्यात बुडवून मऊ केली होती, नाहीतर जोड आत सरकला नसता. काचेवर दोन फवारे उडाले. मुलीने टाळ्या वाजवल्या, मीही थोडा मिरवलो.

दोन दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी.

आता ती निळीच्या पाण्याने परत भरली आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी संपादकीय पानावर ताटलीएवढा निळा डाग होता, बरोबर पंपाच्या खाली. म्हणजे गळती दोन ठिकाणी होती आणि पहिली सापडल्याच्या आनंदात मी दुसरीचा विचारच केला नव्हता. त्यात आळसाने आधी बाहेरूनच हात घालून सीलंट फासलं. टाकीच्या त्या मेणचट प्लास्टिकला ते धरेना. दुसऱ्या दिवशी सालपटासारखं निघून आलं.

मग स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं. क्लिपा काढताना दोन तुटल्या, त्या तुटतातच. पंप हलकेच पिळत ओढला आणि उरलेलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. हातात आलेलं रबरी बुश वाळक्या खारकेसारखं कडक झालं होतं, एका बाजूने चिरलेलं. पंप ठणठणीत, टाकी तर नव्यासारखी. नवं बुश 40 रुपयांना मिळालं. बसायची जागा पुसून घेतली, बुशाला साबणाचं पाणी लावलं आणि पंप अंगठ्याने दाबला, तसा तो 'टुप्' करून बसला.

टाकी पुन्हा निळीच्या पाण्याने भरली. त्या रात्रीचं वर्तमानपत्र कोरडं. राहिलं फक्त नोझलचं काम. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने एकाचं भोक बुजत आलं होतं. टाचणीने ते मोकळं केलं आणि हात लागलाच आहे तर फवाऱ्याची दिशाही जरा वर केली. जरा जास्तच वर झाली असावी. दांडी ओढली तर पाणी टपावरून पलीकडे गेलं आणि मागे स्कूटर पुसत उभ्या असलेल्या शेजारच्या काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. नीळ अजून टाकीत होतीच.